मोहनेच्या खोलीत कोण होतं

वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात नवा माणूस आला की मीटिंग रूममध्ये पाऊल ठेवताच हसायचा. भिंतीवर भलामोठा टीव्ही, टेबलावर बशीसारखे चपटे माईक, आणि टीव्हीच्या डोक्यावर बसवलेल्या कॅमेऱ्याला चक्क लोकरीचं टोपडं. तान्ह्या बाळाला घालतात तसं, खाली बांधायला नाड्यांसकट. आमच्या ऑफिसातलं निळं, डोंबिवलीच्या फॅक्टरीतलं पिवळं, मोहनेच्या फॅक्टरीतलं तांबडं. नौपाड्याच्या सेल्स ऑफिसातलं मात्र पांढरं. का, तर तिथला मॅनेजर उठल्यासुटल्या भांडायचा. "पांढरं निशाण लावून ठेवलंय," अंकल म्हणायचे, "तरी त्याला समजत नाय."

ही सगळी टोपडी अंकलनी स्वतः विणलेली. ते आमच्या व्हिडिओ विभागाचे प्रमुख. विभाग म्हणजे ते आणि मी, दोघंच. त्यांना नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या चिठ्ठीवर. शिपायापासून मालकांपर्यंत सगळे त्यांना अंकल म्हणायचे.

अंकल ठाण्यातल्या चरईचे, जुन्या ख्रिस्ती घरातले. त्यांची आई चर्चच्या वेदीसाठी क्रोशाच्या लेसा विणायची. तिच्या शेजारी बसून बसून हे शिकले. वय साठीच्या पुढे, अंगात कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि खिशात पेनाच्या जागी क्रोशाची सुई. यंत्रात नवं सॉफ्टवेअर भरायला घेतलं की पडद्यावरची ती पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत राहते. त्या वेळात मी मोबाइल बघायचे. अंकल विणायचे. "त्याचं पण भरतंय, माझं पण भरतंय," म्हणायचे.

कंपनी मलमाच्या ट्यूबा बनवायची. लॉकडाऊननंतर मालकांच्या डोक्यात आलं की साहेब लोकांनी गाडीत दिवस घालवण्यापेक्षा सगळीकडे व्हिडिओच्या खोल्या कराव्यात. तशा त्या झाल्या. मग कुठल्या खोलीत कुठला कॅमेरा, कुठला माईक, कोण चालू, कोण बंद, कोणाला कधी नवं सॉफ्टवेअर द्यायचं, हे बघायला माणसं लागली. मी त्याआधी कल्याणला एका इंटरनेटवाल्याकडे होते. मुलाखतीत अंकलनी मला एकच प्रश्न विचारला, "चालायला आवडतं काय?" मला वाटलं, म्हातारा तब्येतीची चौकशी करतोय. मी हो म्हटलं आणि नोकरी लागली.

चालायचं म्हणजे काय, ते पहिल्याच आठवड्यात कळलं. आमच्याकडे एक सॉफ्टवेअर होतं. बटण दाबलं की ते सगळ्या जाळ्यातून फिरून यायचं आणि जोडलेलं प्रत्येक यंत्र पडद्यावर मांडायचं: जिवंत असेल तर हिरवा ठिपका, नसेल तर करडा. माझ्या दृष्टीने काम तिथे संपलं. अंकलच्या दृष्टीने तिथे सुरू व्हायचं. "हे सापडलं," ते पडद्यावर बोट ठेवून म्हणायचे. "सापडलं म्हणजे भेटलं नव्हे, बाय. चल." आणि आम्ही त्या यंत्राला भेटायला निघायचो.

मला हा वेडेपणा वाटायचा. सॉफ्टवेअरमध्ये मी त्यांच्यापेक्षा तयार होते, ते तर दोन बोटांनी टाइप करायचे. पासवर्ड चुकला की कीबोर्डला "सॉरी हां" म्हणायचे. एकदा मी वैतागून बोललेसुद्धा, "अंकल, हिरवं दिसतंय ना, मग बघायचं काय त्यात?" त्यावर ते रागावले नाहीत. त्यांनी मला नौपाड्याला नेलं.

नौपाड्याच्या ऑफिसात आमच्या पडद्यावर एक माईक जास्तीचा दिसत होता. ठिपका हिरवागार. त्या पांढऱ्या निशाणवाल्या मॅनेजरने शपथेवर सांगितलं की असला माईक त्यांच्याकडे नाही. टेबलावर नाही, कपाटात नाही, फॉल्स सीलिंगच्या वर नाही. अंकल खोलीत फिरत राहिले, टिचकीने भिंती वाजवत. मॅनेजरच्या केबिनला नवीन प्लायवूडचं पार्टिशन घातलं होतं. तिथे अंकल थांबले आणि मला म्हणाले, "तू तिकडे जा, कॉम्प्युटरवर त्याचा आवाज लाव." मी लावला. अंकलनी प्लायवूडवर टकटक केलं, आणि माझ्या कानात टकटक वाजली.

सुताराने जुना भिंतीवरचा माईक काढायचा कंटाळा केलेला. त्याच्यावरूनच पार्टिशन ठोकून दिलेलं. मॅनेजर केबिनमध्ये बसून जे काही बोलला असेल ते सगळं, कोणी लावून बसलं असतं तर, आमच्या ऑफिसात ऐकू आलं असतं. त्या माणसाचा चेहरा मी विसरणार नाही. आठवून आठवून घाम पुसत होता. अंकलनी सुताराला बोलावून भोक पाडून घेतलं, आत हात घालून धुळीने माखलेला माईक बाहेर काढला आणि रुमालाने पुसला. "इथे होतास होय रे? सगळे तुला नाय नाय म्हणत होते."

त्यानंतर मी चालायला कधी कुरकुर केली नाही.

एक गोष्ट मात्र मला कधी उलगडली नाही. सगळ्यांना व्हिडिओवर आणणारा हा माणूस स्वतः कधी कॅमेऱ्यासमोर बसायचा नाही. विभागांच्या मीटिंगला त्यांच्या चौकटीत रिकामी खुर्ची दिसायची आणि आवाज यायचा. मी कारण विचारलं तर म्हणाले, लाइटने डोळे दुखतात. हिशेबातल्या बाईंना सांगितलं, आईने सांगितलंय, सारखा फोटो काढला की आयुष्य झिजतं. आणि शिपायाला म्हणाले, "अरे, मी असा चिकना, बाकीचे नाराज होतील." तिन्ही कारणं त्यांनी सारख्याच गंभीर चेहऱ्याने दिली होती.

मोहनेच्या फॅक्टरीत खोली तयार झाली तेव्हा तिथे भांडण झालं. ती वरच्या मजल्यावरची खोली एसी होती, त्यामुळे पॅकिंगच्या बायका चहाच्या सुट्टीत तिथे येऊन बसायच्या. साहेबांची हरकत नव्हती. पण कॅमेरा लागल्यावर बायका बिथरल्या. पॅकिंगच्या मुकादम सुमनताई, उंच, काळ्यासावळ्या, आवाज खणखणीत, त्यांनी अंकलना दारातच अडवलं.

"हा वर बसून काय बघणार? कोण किती वेळ चहा पितंय ते?"

अंकलनी स्टूल घेतलं, कॅमेऱ्याखाली ठेवलं आणि त्यावर बसून सगळं सांगितलं. लपवलं काहीच नाही. "हा कॉल चालू असला की डोकी मोजतो. मधून मधून बारकासा फोटो काढतो. खोली वापरात हाय का रिकामी, ते आम्हाला कळायला पायजे म्हणून. आठवड्याने फोटो आपोआप पुसला जातो. कॉल नसेल तेव्हा टोपडं घालून ठेवा, काय दिसणार नाय."

"आणि फोटोत आम्ही दिसलो तर?"

"दिसाल. पण कोण बसलेलं ते मी कोणाला सांगणार नाय. हे फोटो मी आणि ही बाय सोडून कोण उघडत नाय."

"शब्द?"

"शब्द."

सुमनताईंनी माझ्याकडे बघितलं. मीही मान हलवली. मग आम्हाला चहा मिळाला.

अंकलची अजून एक रीत होती, आणि तीच पुढे सगळ्याच्या मुळाशी आली. मीटिंग संपली की साहेब लोक उठून जायचे. अंकल आत यायचे, चौकटीत दिसणार नाही असे बाजूला उभे राहायचे आणि एकेका ठिकाणाला हाक मारायचे. "मोहने, ठेवतो हां. कोण हाय का अजून? डोंबिवली, ठेवतो हां." पलीकडून कोणीतरी "ठेवा अंकल" म्हटल्याशिवाय ते कॉल तोडायचे नाहीत. कॉल तोडला की स्वतः टोपडं घालायचे.

मालकांचे चिरंजीव, ज्यांना आम्ही धाकटे साहेब म्हणायचो, त्यांना हे अजिबात खपायचं नाही. माणूस वाईट नव्हता. परदेशात शिकून आलेला, माझ्याच वयाचा, सगळं झटपट पाहिजे. एक दिवस मीटिंग संपता संपता अंकल आत आले, तर ते म्हणाले, "अंकल, प्लीज. देवळाचं दार लावल्यासारखं काय करता रोज? मला एक बटण दाबता येतं. यापुढे आम्ही खोलीत असेपर्यंत कोणी आत यायचं नाही."

"बरं साहेब," अंकल म्हणाले आणि बाहेर आले.

थोड्याच दिवसांनी मोहनेबरोबर मीटिंग होती. दुपार होती. पलीकडचे लोक उठून गेले, पण धाकटे साहेब आणि त्यांचे दोन मॅनेजर आतच बोलत बसले. आमच्या पडद्यावर कॉल चालू दिसत होता. मी अंकलना दाखवलं.

"आत हायत ना ते?"

"हो."

"मग मीटिंग चालू हाय. आपल्याला आत जायचं नाय."

झालं होतं असं की साहेबांनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला होता. टीव्ही काळा झाला म्हणजे कॉल तुटला, असं त्यांना वाटलं. कॅमेरा आणि माईक मात्र चालूच. तिकडे मोहनेच्या खोलीत, चहाच्या सुट्टीत वर आलेल्या बायकांसमोर भिंतभर टीव्हीवर ठाण्याचे साहेब दिसत होते, आणि त्यांचं बोलणं शब्दन् शब्द ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहनेच्या पॅकिंगवर कोणी हात चालवला नाही. आरडाओरडा नाही, घोषणा नाहीत. सगळ्या आल्या, आपापल्या जागी बसल्या आणि बसूनच राहिल्या. मालाच्या गाड्या आवारात उभ्या. मॅनेजरने कारण विचारलं तर उत्तर आलं, "गणपतीनंतर पॅकिंग बंद करणार आहात ना? मग आजपासूनच सवय करतोय."

धाकट्या साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. ते उभेच होते.

"त्या खोलीत कोण होतं? फोटो असतो ना सिस्टीममध्ये?"

"असतो," अंकल म्हणाले.

"तुम्ही पाहिलात?"

"पाहिला."

"मला द्या."

"नाय देणार, साहेब."

असं उत्तर त्या केबिनमध्ये कोणी दिलेलं मी ऐकलं नव्हतं. साहेबांनाही ते कळायला क्षण लागला.

"कंपनीचा कॅमेरा आहे, अंकल. कंपनीचा फोटो आहे. चोरून ऐकलंय त्यांनी."

"चोरून नाय ऐकलं. त्या आपल्या जागी चहा पीत होत्या. आपणच त्यांच्या खोलीत शिरून बोललो." अंकलचा आवाज जराही चढला नव्हता. "आणि मी त्यांना शब्द दिलाय. कोण बसलेलं ते सांगणार नाय म्हणून."

"तुम्ही कॉल तोडला असतात तर हे झालंच नसतं!"

आत येऊ नका असं कोणी सांगितलं होतं, ते केबिनमधल्या तिघांनाही ठाऊक होतं. साहेबांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं.

"तुमच्याकडे पण पासवर्ड आहे."

घरात त्या वेळी मी एकटीच कमावती होते. नवऱ्याची कंपनी नुकतीच बंद पडलेली. अंकलनी माझ्याकडे बघितलं नाही, मुद्दामच बघितलं नसावं. ते खिडकीबाहेर बघत होते. मला सुमनताईंचा चहा आठवला असं म्हटलं तर छान वाटेल, पण खरं सांगायचं तर काहीच आठवलं नाही. फक्त एवढं जाणवलं की मी तिथे मान हलवली होती.

"सर, मी पण हो म्हटलंय त्यांना," मी म्हणाले.

साहेब खुर्चीत बसले. मग अंकल म्हणाले, "साहेब, तुम्हाला कोण होतं ते पायजे ना? मोहनेला जाऊ. तिथे विचारू. ज्याला सांगायचं तो तोंडाने सांगेल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर समजायचं, आपण त्यांना सांगण्याच्या लायकीचे वाटत नाय."

साहेबांना तसंही जाणं भाग होतं. आम्ही तिघं त्यांच्या गाडीतून निघालो. भिवंडी बायपास, मग दुर्गाडीच्या पुलाआधी नेहमीचा ट्रॅफिक. अंकल पुढच्या सीटवर बसलेले. गाडी थांबली तशी त्यांनी खिशातून सुई आणि पिशवीतून लोकर काढली. मागून साहेब म्हणाले, "अंकल, आत्ता?"

"हात मोकळे राहिले की तोंड चालतं, साहेब. आज तोंड तुम्हाला चालवायचंय."

पुलावरून खाली खाडी दिसत होती. शहाडच्या पुढे साहेब एकदम म्हणाले, "मी नक्की काय काय बोललो, तेच मला आठवत नाहीये." कोणाला उद्देशून, ते कळलं नाही. अंकलची सुई थांबली, मग पुन्हा चालू झाली.

पॅकिंगच्या शेडमध्ये सगळ्या बायका पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बसल्या होत्या. पट्टा बंद, त्यामुळे शेड इतकी शांत की पंख्यांची घरघर ऐकू येत होती. साहेब मध्ये जाऊन उभे राहिले. गाडीत त्यांनी काय ठरवलं होतं कोण जाणे, तोंडातून आलं ते हेच:

"काल दुपारी वरच्या खोलीत कोण होतं?"

मॅनेजरने अंकलकडे बघितलं, बायकांनीही बघितलं. अंकल जमिनीकडे बघत उभे होते. मग सुमनताई उठल्या. पदर खोचला आणि चालत साहेबांच्या समोर आल्या.

"मी होते. तुम्ही म्हणालात, 'आधी त्या सुमनला काहीतरी कारण काढून घालवा, बाकीच्या मुकाट जातील.' तर कारण काढायचा त्रास नको. मी आलेय. आता सांगा."

साहेबांचा चेहरा लाल झाला, मग उतरला. ते शब्द त्यांना त्या क्षणी आठवले असणार. मागून अजून एक बाई उठली, "मी पण होते." मग आणखी एक. "मी उशिरा वर आले. मला फक्त शेवटचं ऐकू आलं. तुम्ही हसलात तेवढं."

साहेब बाजूच्या खोक्यावर बसले. पाणी मागितलं. सुमनताईंनीच आणून दिलं. पाणी पिऊन ते म्हणाले, "मी असं बोलायला नको होतं." आणि थोड्या वेळाने, "पण पॅकिंग चालवणं इथे जमत नाहीये, हे खरं आहे."

"मग ते सांगा की," सुमनताई म्हणाल्या. "आम्ही काय लहान पोरी आहोत?"

मग त्यांनी सांगितलं. तासन् तास बोलणं चाललं. मध्ये कधीतरी कोणीतरी चहा आणला. पॅकिंग वाचलं नाही; तसं कधी वाचत नाही. दिवाळीनंतर ते बंद झालं. पण ज्यांना यायचं होतं त्यांना डोंबिवलीच्या फॅक्टरीत जागा मिळाली, कल्याणवरून बस चालू झाली, आणि ज्यांनी नको म्हटलं त्यांना दुसरं काम बघायला वेळ मिळाला. सुमनताई डोंबिवलीला मुकादम म्हणूनच गेल्या. तो फोटो आठवड्याने आपोआप पुसला गेला.

अंकल निवृत्तीनंतर दरवर्षी नव्या करारावर काम करायचे. त्या वर्षी करार वाढवला नाही. धाकट्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून स्वतः सांगितलं. अंकलनीच ते मला नंतर सांगितलं, चहाच्या टपरीवर उभं राहून, जसं काही दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतायत. "म्हणाले, अंकल, तुम्ही चुकला नाही. पण तुम्ही समोर दिसलात की मला तो दिवस आठवतो."

"आणि तुम्ही?"

"मी काय म्हणणार? पोराने खरं सांगितलं. आधी त्याला ते जमत नसे."

मी चिडले, रडलेसुद्धा. अंकलनी मला दुसरा चहा पाजला आणि डोंबिवलीचा नवा कॅमेरा गरम का होतोय, त्यावर बोलत राहिले. शेवटच्या दिवशी त्यांनी सत्काराला नको म्हटलं. नेहमीसारखी पिशवी उचलली आणि गेले.

पुढच्या वर्षी एका रविवारी सुमनताईंचा फोन आला. "अंकल कुठे राहतात? आम्हाला भेटायचंय." त्या आणि त्या दिवशीच्या दोघी, अशा तिघी ठाणे स्टेशनला उतरल्या. मी त्यांना चालत चरईला नेलं. अंकलचं घर तळमजल्यावर, दारात तुळस नाही पण जास्वंद भरपूर. दार उघडलं तेव्हा ते बनियनवर होते. आम्हाला बघून गडबडून आत पळाले आणि शर्ट उलटा घालून बाहेर आले.

त्यांनी आम्हाला बसवलं. स्वतः तळलेले फुगे आणले, आंबवलेल्या मैद्याचे गोल गोल वडे, गरमागरम, थोडे करपलेले. बायका हसत होत्या, फुगे कसे करतात ते विचारत होत्या. अंकल उभेच होते, कधी नव्हे ते त्यांना हात कुठे ठेवावे ते सुचत नव्हतं.

मग ते त्यातल्या एकीकडे वळले. "तू खिडकीकडे बसलेलीस. ग्लास हातात होता, पण प्यायली नव्हतीस." दुसरीला म्हणाले, "तू दारात. एक पाय आत, एक बाहेर."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"एकदाच बघितलेला तो फोटो," अंकल म्हणाले. "त्यात चेहरे दिसले. पण त्या दिवशी शेडमध्ये नावं विचारायची राहून गेली."

त्या दोघींनी आपापली नावं सांगितली. अंकलनी ती हळूच पुन्हा उच्चारली आणि सुमनताईंकडे बघितलं.

"माझं तर माहीतच आहे तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"नाय गो. आधी इतरांच्या तोंडून ऐकलेलं, मग शेडमध्ये साहेबांच्या शब्दांत," अंकल म्हणाले. "तुझ्या तोंडून सांग."

सुमनताईंनी हातातला फुगा बशीत ठेवला, सरळ बसल्या आणि आपलं नाव सांगितलं.